कुंकवाची रेघ

गुरुजींची पद्मिनी तिसऱ्यांदा ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधून आली, तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा होतो. खालून दिसली ती ट्रॅक्टरची थोराड चाकं, त्यांच्यामागं पद्मिनीची बारकी चाकं आणि दार उघडून खाली टेकलेली गुरुजींची कोल्हापुरी चप्पल. "मिस्त्री, बेलवडीत थांबली," एवढंच म्हणाले आणि स्टूल ओढून पेपर वाचत बसले. गिऱ्हाईक भांडलं तर बरं वाटतं, आपणही दोन शब्द बोलून मोकळे होतो. गुरुजी पेपरचं पान उलटायचे आणि माझा जीव खाली-वर व्हायचा.

२०११ची गोष्ट. चौदा महिन्यांत तिसरं हेड गॅस्केट, आणि तिन्ही वेळा गाडी खोलली होती ती मीच.

पहिल्यांदा मे महिना होता. भिगवणहून येताना फॅन बेल्ट तुटला आणि गुरुजींनी "आलंच की आता" म्हणत गाडी तशीच पाच-सहा किलोमीटर रेटली. वाफेनं बॉनेट दिसेना तेव्हा थांबले. त्यात शोधायचं काही नव्हतंच. हेड लेथवर पाठवून पाच थाऊ फेस मारून घेतला, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाएवढं घासून सपाट केलं, नवं गॅस्केट टाकलं, गाडी दिली. दुसऱ्यांदा जानेवारी. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात, लासुर्ण्यापासून भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि तिच्यामागं पद्मिनी पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकत होती. गाडी पाणी खाऊ लागली. मी हेडला दोष दिला आणि आणखी दहा थाऊ फेस मारला. तिसऱ्यांदा तुकोबांची पालखी. गुरुजी, त्यांच्या मंडळी आणि मेहुणी बेलवडीचं रिंगण बघायला निघाले होते. दिंड्यांच्या मागं तासभर माणसाच्या चालीनं गाडी चालली, आणि रिंगणात अश्व धावायच्या आधीच पद्मिनीनं वाफ सोडली.

तिन्ही वेळा कारण वेगळं दिसत होतं, त्यामुळं तिन्ही वेळा मला ते पटत होतं. फसलो तो इथंच.

ही गाडी ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट अकराशे. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं साधं, सरळ इंजिन. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचे शेठ, ज्यांच्या नावानं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसलं, तेच. म्हणून गुरुजी म्हणायचे, "जन्मली कुर्ल्याला, पण लेक आपल्या तालुक्याची." पुढं २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमानं रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी माझ्याकडं निदान चौघांनी फोटो पाठवले असतील. एकानंही हेडचा फोटो पाठवला नाही. गाडीचं रूप सगळ्यांना आठवतं, तिचा ताप मिस्त्रीलाच.

बीड आणि ॲल्युमिनियम यांचं लग्न हा त्या तापाचा निम्मा भाग. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे गाडी गरम झाली की वरचं हेड खालच्या ब्लॉकवर रोज थोडं सरकतं आणि थंड झालं की परत जागेवर येतं. दोघांच्या मधे दीड-दोन मिलिमीटरचं गॅस्केट. एका बाजूला पेट घेतलेला वायू, दुसऱ्या बाजूला उकळीला आलेलं पाणी, तिसरीकडं ऑईल. या तिघांची गाठ पडू द्यायची नाही हे त्याचं काम. ते जळालं की लोक म्हणतात, गॅस्केट हलकं होतं. मीही दोनदा तेच म्हणालो होतो. दुसऱ्या वेळी तर मुद्दाम पुण्याला नाना पेठेत जाऊन चांगल्यातलं गॅस्केट आणलं होतं.

माझ्या वस्तादांची एक सवय मला लागलेली आहे. जुनं गॅस्केट फेकायचं नाही, भिंतीच्या खिळ्याला लटकवायचं. वस्ताद का लटकवायचे हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी लटकवायचो ते वस्ताद लटकवायचे म्हणून. त्या दुपारी हेड उतरवलं, तिसरं गॅस्केट हातात घेतलं आणि खिळ्याकडं गेलो. तिथं पद्मिनीची आधीची दोन होती, धूळ खात. का कुणास ठाऊक, तिन्ही खाली घेऊन बाकावर शेजारी-शेजारी मांडली.

तिन्ही एकाच ठिकाणी जळालेली होती. तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरच्या मधली अरुंद पट्टी, तिथं काळी पडून चिरलेली. पहिल्या गॅस्केटवर केसाएवढी रेघ, दुसऱ्यावर नख बसेल एवढी, तिसऱ्यावर पत्रा उघडा पडून आतला ॲस्बेस्टॉस भुकटी झालेला. पुढच्या दोन सिलेंडरांभोवतीची कडी मात्र तिन्हींची नवी असल्यासारखी. इंजिनात पाहिलं तर पहिल्या तीन पिस्टनच्या माथ्यावर काजळी आणि चौथ्याचा माथा घासून ठेवलेल्या तांब्यासारखा लख्ख. तिथं पाणी शिरत होतं आणि वाफ होऊन पिस्टन धुऊन निघत होता.

बेल्ट तुटला, ट्रॉल्या आडव्या आल्या, पालखी आली. आणि गॅस्केट दर वेळी त्याच जागी गेलं. चौदा महिने हा पुरावा माझ्याच भिंतीवर टांगलेला होता.

"गुरुजी," मी विचारलं, "गाडीत पाणी कुठलं घालता?"

"कुठलं म्हणजे? घरचं. बोरचं."

"आंघोळीच्या बादलीला पांढरं पुट चढतं का?"

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. पुढचं मला सांगावं लागलं नाही. ते माझ्याकडं नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "अरे, आमच्या हिटरची कांडी वर्षाला बदलतो की आम्ही."

आमच्याकडच्या पाण्याची कहाणी वेगळी लिहावी लागेल. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला आणि भाटघरचं पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात आलं. ऊस आला, कारखाने आले. पण पाणी मुरत गेलं, निचरा नाही, आणि खोलगट रानं चोपण झाली. उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरं फूल येतं, मीठ सांडल्यासारखं. तेच क्षार बोरच्या पाण्यात उतरतात. वस्ताद सांगायचे, त्यांच्या तरुणपणी ट्रकवाले रेडिएटरला कालव्याचं पाणी घालायचे. बोअर कुणाकडं होते तेव्हा? कालव्याचं पाणी धरणाचं, पावसाचं. त्यात गाळ असेल, पण क्षार कमी. घरोघर बोअर झाले आणि गाडीच्या पोटात तेच जाऊ लागलं जे रानाला चोपण करतं.

ब्लॉकच्या कुशीत पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात, आम्ही त्यांना डमी म्हणतो. मागची डमी ठोकून काढली. एरवी भोकातून पाणी धो-धो यायला हवं. इथं काहीच आलं नाही. बोट घातलं तर बोटाला भिंत लागली. चौथ्या सिलेंडरच्या भोवती पाणी फिरायच्या जागेत तांबड्या-पांढऱ्या खपल्या दाबून भरलेल्या. तिथं पाणी पोचतच नव्हतं. पुढचा भाग वॉटर पंपाच्या तोंडाशी, तो थंड राहायचा. मागचा बिचारा भाकरीच्या तव्यासारखा तापायचा. चार सिलेंडरांचं इंजिन, त्यातली अडीचच पाण्यात.

दोन दिवस मी आणि माझा पोऱ्या सायकलच्या स्पोकला आकडा करून ते उकरत होतो. थोडं उकरायचं, पाईपनं पाणी मारायचं, हवा मारायची, पुन्हा उकरायचं. गुरुजी दोन्ही दिवस एसटीनं आले. निघालेला ऐवज त्यांनी एका तसराळ्यात जमवायला लावला. निवळून वाळवला तर तसराळं काठोकाठ भरलं. चहाच्या कपाएवढीही जागा फुकट नसलेल्या इंजिनात हे एवढं मावलं कुठं, याचं मला आजही नवल वाटतं.

दोष पाण्याचा ठरला, मी सुटलो, असं मला वाटत होतं. मग बोल्टांची भोकं साफ करायला घेतली.

हेड बसवताना ब्लॉकचा फेस घासायचा असतो, जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर काढायचा असतो. मी दोन्ही वेळा तो काढला होता. पॉलिश पेपर मारला, फुंकर मारली, पुसलं. घासलेली भुकटी जाते कुठं, तर बोल्टांच्या भोकांत. ही भोकं खालून बंद. ऑईल आणि भुकटीचा लगदा तळाशी बसतो. वरून बोल्ट आवळला की त्याचं टोक त्या लगद्यावर जाऊन टेकतं. पाना घट्ट लागतो, टॉर्कचा आकडा बरोबर येतो, आणि हेड मात्र दाबलेलंच नसतं. तिसऱ्या-चौथ्या सिलेंडरच्या मधल्या एका भोकात टॅप फिरवला तर तीन आटे बाकी असतानाच तो अडला. टोकाशी काळी चकती निघाली, तपकिरीच्या गोळीसारखी. ती माझ्या हातची होती. आधीच तापणारी जागा, आणि तिथलाच बोल्ट मी लगद्यावर आवळून ठेवलेला.

वस्तादांकडं टॉर्क पाना नव्हता. ते हातानं आवळायचे, आणि आवळायच्या आधी प्रत्येक भोकात चिंधी गुंडाळलेली काडी घालून फिरवायचे. मला ते म्हाताऱ्या माणसाचं सोवळं वाटायचं. म्हणून मी टॉर्क पाना विकत घेतला आणि काडी सोडून दिली.

हे गुरुजींना सांगायचं की नाही यावर मी एक चहा काढला. मग सांगितलं. मजुरी घेणार नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, "निम्मी घे. पाणी माझं होतं."

बाकीचं काम सरळ होतं. हेड या वेळी लेथला पाठवलं नाही. पट्टी लावून फीलर घातला तर दोन थाऊची पातीही कुठं शिरली नाही. आधीच दोनदा उगाच बारीक केलेलं हेड आणखी कशाला खरवडायचं? फेस मारला की ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, गाडी आणखी तापते. म्हणजे दुसऱ्या खेपेला मी दुखण्यावर दुखणंच दिलं होतं. ब्लॉकचा फेसही तपासला, सरळ होता. रेडिएटर खालून-वरून उघडून नळ्यांतून पट्ट्या फिरवून आणल्या. रेडिएटरचं झाकण नवं घेतलं. लोक या झाकणाला बाटलीचं बूच समजतात, पण त्यातल्या स्प्रिंगनं धरलेल्या दाबामुळंच पाणी शंभराच्या पुढं जाऊनही उकळत नाही. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, तीन फेऱ्यांत आवळले. काडी फिरवून.

मग प्रश्न आला पाण्याचा. डिस्टिल वॉटर आणि कूलंट घाला, असं मी म्हणालो. गुरुजींना एवढ्यावर समाधान कुठलं! तिसऱ्या दिवशी ते पिशवीतून तीन बाटल्या घेऊन आले. एकीत बोरचं पाणी, एकीत कालव्याचं, एकीत आदल्या रात्री पत्र्यावरून पातेल्यात धरलेलं पावसाचं. प्रत्येकीत साबणाचा सारखाच चुरा टाकला आणि माझ्या पोऱ्याला हलवायला लावल्या. पावसाच्या बाटलीत बुचापर्यंत फेस. कालव्याच्या बाटलीत निम्मा. बोरच्या पाण्यात फेस नाहीच, वर नुसती दह्याच्या चोथ्यासारखी साय. पोऱ्या बाटली हलवून-हलवून दमला. "सातवीला आहे हा प्रयोग," गुरुजी म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही; बहुतेक स्वतःलाच.

हेड बसवून गाडी सुरू केली, झाकण उघडं ठेवून पाण्यात बघत बसलो. पहिल्या मिनिटाला दोन-चार बुडबुडे आले, अडकलेल्या हवेचे. मग पाणी निवांत झालं. ॲक्सिलरेटर दाबला तरी निवांत. गॅस्केट गेलेलं असलं की हंड्यातल्या भातासारखं रटरटतं.

गुरुजींचं लक्ष इंजिनात नव्हतं. ते तसराळ्यातल्या खपल्या चाळत होते. त्यातली एक रुपयाएवढी जाड खपली त्यांनी उन्हात धरली. कापलेल्या केकसारखे थर दिसत होते. पांढरा, राखाडी, पांढरा, आणि मधे एक लाल रेघ.

"गंज," मी म्हणालो.

"गंज नाही. अठ्ठ्याण्णव सालची हळद आहे ही."

तुळजापूरला जाताना बार्शीच्या अलीकडं रेडिएटर गळायला लागला होता. तिथल्या कुणीतरी ढाबेवाल्यानं सांगितलं, मूठभर हळद टाका, फट बुजते. हा उपाय मला ठाऊक आहे. फट बुजते, आणि सोबत जे बुजू नये तेही बुजतं. गुरुजींच्या मंडळींनी देवीसाठी नेलेल्या हळदीतली निम्मी पुडी रेडिएटरात गेली होती.

"पण ही तर लाल आहे," मी म्हणालो.

"हळदीत चुना घातला की काय होतं रे?"

"कुंकू."

"मग? आपलं पाणी म्हणजे चुनाच."

मला ती रेघ अजूनही गंजाचीच वाटते. बिडाचा ब्लॉक, क्षाराचं पाणी, गंज येणारच. पण गुरुजींनी ती खपली पेपरच्या पानात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, गाडीत बसले, आणि मागच्या सीटवर बसलेल्या मंडळींकडं वळून म्हणाले, "अगं, तुझी पुडी सापडली."