वन्संचं ग्रीन कार्ड

मैत्रिणींनो, परदेशातून माहेरी आलेली लेक-नणंद तुमच्याही घरी असेल, म्हणून हे सांगते. आमच्या वन्सं सासूबाईंच्या आजारपणात अमेरिकेहून आल्या. दहा महिने होत आले, आणि दादरच्या गर्दीत त्यांची पर्स गेली. पैशांचं सोडा हो, आत ग्रीन कार्ड होतं! पासपोर्ट घरी होता एवढंच नशीब.

कार्डाशिवाय विमानात चढू देत नाहीत. आधी पोलिसांत तक्रार केली. मग आय-१३१ए या अर्जाची फी ऑनलाइन भरून वन्सं स्वतः वकिलातीत गेल्या. ही कचेरी २०११ साली ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा मी बाहेर पिशव्या सांभाळत उभी. ऊन म्हणजे काय!

तिथे नवं कार्ड मिळत नाही बरं का. विमानात चढण्यापुरता कागद पासपोर्टात चिकटवून देतात, तोही बहुधा महिनाभराच्या आतच वापरायचा. कार्डासाठी आय-९० हा वेगळा अर्ज तिकडे गेल्यावर करायचा. परतीचा परवाना आधीच काढलेला नसेल, तर बाहेर वर्ष उलटल्यावर आय-१३१एसुद्धा चालत नाही.

"दिवाळी करून जा गं," सासूबाई म्हणत होत्या. वन्सं गणपतीआधीच निघाल्या.