विमान जाईपर्यंत

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पडून होते. दुपारी नात शेजारी बसून माधुरी पुरंदऱ्यांचं पुस्तक वाचायची, अगदी घडाघडा. पार्ल्यात डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबतं, तशी तीही थांबायची. त्या गडगडाटात तिची नजर अक्षरांवरून चित्रात उतरायची, आणि आवाज विरला की पुढचं न वाचता ती विचारायची, “आजी, हिला राग का आला असेल?” मी त्या खोळंब्याची वाट बघू लागले.

२००५ पासून ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात. ते हवंच. पण ‘का’ कुठल्या पायरीवर बसतो? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या अंगणवाडीत गाणी-गोष्टींना एवढी जागा दिली, तिथे तो बसत असावा. असो. मुलं वाचताना थांबली तर थांबू द्या; उच्चार नंतर सुधारता येतात.