ऐंशी नंबरच्या रस्त्यावरील वाणी

प्रवासवर्णन म्हटलें कीं डोंगर, नद्या, देवळें, बाजार असें जें जें डोळ्यांना दिसतें त्याचेंच वर्णन करण्याचा परिपाठ आहे. परंतु कांहीं मुलूख असे असतात कीं तेथें डोळ्यांना फारसें काम नसतें, कानांना मात्र पुष्कळ असतें. अमेरिकेच्या मध्यभागांतून पूर्व-पश्चिम जाणारा ऐंशी नंबरचा हमरस्ता हा अशा मुलुखांतून जातो. न्यू जर्सीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारें २,९०० मैल लांबीच्या या रस्त्यापैकीं शिकागोपासून नेब्रास्का प्रांताच्या मध्यापर्यंतचा भाग मीं २०१९ सालच्या नोव्हेंबरांत पाहिला. किंबहुना, ऐकला म्हणणें अधिक बरोबर होईल.

माझ्या पुतण्याला नेब्रास्कांतील कर्नी या गांवीं नवी नोकरी लागली होती. तो, त्याची पत्नी, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी असे चौघे मोटारीनें निघालों. शिकागोची वस्ती मागें पडली कीं दोन्ही बाजूंना कापणी झालेलीं मक्याचीं शेतें, मधून मधून धान्याचीं उंच पत्र्याचीं कोठारें आणि वर विस्तीर्ण करडें आकाश, एवढेंच दृश्य तासन् तास चालतें. मिसिसिपी नदीचा पूल ओलांडून आयोवा प्रांतांत शिरतांना क्षणभर डोळ्यांस विरंगुळा मिळतो, आणि पुन्हां मका. रस्त्यावर रहदारी बहुतेक मालट्रकांची. ते एकामागून एक, रेल्वेच्या डब्यांसारखे चाललेले असतात.

पुतण्यानें मोटारींत एक लहानसें यंत्र बसविलें होतें. तबकडीखालीं एक काळी पेटी, तिला गुंडाळीच्या तारेनें जोडलेला मायक्रोफोन आणि टपावर एक लांब एरिअल. त्याचें नांव सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकांकरितां राखून ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. लोक त्याला नुसतें सी. बी. म्हणतात. नदी ओलांडतांच त्यानें तें सुरू केलें, आणि इतका वेळ मुक्यानें चाललेले ते ट्रक एकदम बोलूं लागले.

या यंत्राची घडण समजून घेतल्यावांचून त्याच्या शिष्टाचाराचें मर्म कळावयाचें नाहीं. त्याच्या लहरी सुमारें सत्तावीस मेगाहर्ट्झच्या. अशीं चाळीस चॅनेल आहेत. नेहमीच्या पद्धतीनें बोलावयाचें तर शक्ति चार वॉटपेक्षां अधिक असूं नये, असा नियम. त्यामुळें आवाज कांहीं मैलच पोंचतो. बोलतांना कळ दाबून धरावी लागते, आणि कळ दाबलेली असेपर्यंत आपणांस कांहींहि ऐकूं येत नाहीं. एका चॅनेलवर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें. दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याच्या कानीं नुसती कर्कश शीळ येते व दोघांचेंहि बोलणें फुकट जातें. टेलिफोनवर आपण दुसऱ्यास मध्येंच थांबवूं शकतों. येथें तें शक्य नाहीं. म्हणून आधीं ऐकणें, मग जागा मागणें, मग थोडक्यांत सांगणें आणि कळ सोडून देणें, ही रीत या मंडळींत रूढ झाली. ती केवळ शोभेची नव्हे. तिच्यावांचून हें यंत्र चालतच नाहीं.

या सेवेस अमेरिकन सरकारनें १९४५ सालीं आरंभ केला आणि १९५८ सालीं तिला हल्लींचा लहरींचा पट्टा मिळाला. प्रथम तेवीस चॅनेल होतीं. १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली. पुढल्याच वर्षीं देशभर ताशीं पंचावन्न मैलांची वेगमर्यादा लागू झाली. पेट्रोल कोठें मिळतें आणि पोलीस कोठें टपून बसले आहेत, हें एकमेकांस सांगण्यासाठीं ट्रकवाल्यांनीं या यंत्राचा आश्रय केला. आणि पहातां पहातां साऱ्या देशास त्याचें वेड लागलें. त्यावर गाणीं झालीं, चित्रपट निघाले. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यासुद्धां १९७६ सालीं ‘फर्स्ट मामा’ या नांवानें त्यावर बोलल्या. १९७७ च्या आरंभीं चॅनेल चाळीस करण्यांत आलीं. पूर्वी यास परवाना लागे. तो १९८३ सालीं रद्द झाला.

‘फर्स्ट मामा’ सारखें टोपणनांव प्रत्येकाचें असतें. त्याला ‘हँडल’ म्हणतात. खरें नांव कोणी सांगत नाहीं व विचारणेंहि शिष्टपणाचें समजत नाहींत. भाषाहि निराळीच. पोलिसांच्या बिनतारी संदेशांवरून घेतलेला ‘टेन-फोर’ म्हणजे ‘समजलें’. ‘तुझे वीस काय?’ म्हणजे ‘तूं कोठें आहेस?’ महामार्गावरील पोलीस म्हणजे ‘अस्वल’. कारण वणव्यांविषयीं सावध करणाऱ्या सरकारी जाहिरातींत ‘स्मोकी’ नांवाचें जें अस्वल असतें त्याची टोपी पोलिसांच्या टोपीसारखी आहे. ट्रक तोलण्याचें सरकारी ठाणें म्हणजे ‘कोंबड्यांचें खुराडें’. ‘गुड बडी’ हें पूर्वीचें प्रेमाचें संबोधन. पुढें त्यास हिणकस अर्थ चिकटला आणि आतां तें तोंडांतून काढणारा नवखा मनुष्य मार खाण्याची तयारी करून असावा, असें पुतण्यानें मला हंसत हंसत बजावलें.

ट्रकवाल्यांचें चॅनेल एकोणिसावें. नववें संकटसमयासाठीं राखलेलें. तेथें गप्पा मारणें नियमाविरुद्ध. एकोणिसाव्यावर आपणांस बोलावयाचें असेल तर ‘ब्रेक वन-नाइन’ म्हणून जागा मागावी, कोणी ‘बोला’ म्हणेपर्यंत थांबावें, काम झालें कीं आभार मानून दूर व्हावें, आणि लांबलचक गप्पा मारावयाच्या असल्यास दुसऱ्या चॅनेलवर जावें. सरकारी नियमानेंहि सलग पांच मिनिटांहून अधिक संभाषण करूं नये व नंतर निदान एक मिनिट गप्प रहावें, असें सांगितलें आहे. गाणीं लावणें, शीळ घालणें, मुद्दाम दुसऱ्याच्या बोलण्यांत व्यत्यय आणणें, हें सर्व वर्ज्य आहे.

एवढें सारें नियमशास्त्र ऐकून मला वाटलें कीं हें एखाद्या सुसंस्कृत सभेचेंच कामकाज असावें. तो समज अर्ध्या तासांत पार नाहींसा झाला. दोन ट्रक एकमेकांस ओलांडण्याच्या कारणावरून भांडूं लागले आणि त्यांनीं एकमेकांच्या कुळांचा उद्धार सुरू केला. शिमगा आपल्याकडे वर्षांतून एकदां येतो. या चॅनेलवर त्याला तिथि नाहीं. मागच्या बाकावरून लहानग्यानें निर्मळ आवाजांत विचारलें, “आजोबा, या शब्दाचा अर्थ काय?” मीं उत्तर देण्यापूर्वींच सूनबाईंनीं पुढें वाकून यंत्र बंद केलें. त्या म्हणाल्या, “काका, घरांत असें बोलणारा मनुष्य आला तर आपण त्याला उंबऱ्याच्या आंत घेऊं कां? मग हा आवाज कां घ्यावा?” पुतण्याचें म्हणणें असें कीं, पुढें काय वाढून ठेवलें आहे तें दुसरें कोणी इतक्या लवकर सांगत नाहीं. दोघांचेंहि खरें होतें, आणि त्यामुळेंच तो वाद मिटण्यासारखा नव्हता.

आयोवांत वॉलकॉट या गांवाजवळ ट्रकवाल्यांचा एक प्रचंड तळ आहे. १९६४ सालीं उघडलेला हा तळ स्वतःस जगांतील सर्वांत मोठा म्हणवितो. सुमारें नऊशें ट्रक उभे रहाण्याची सोय, खानावळ, न्हाणीघरें, कपडे धुण्याची जागा, न्हावी, दांतांचा डॉक्टर, जुन्या ट्रकांचें संग्रहालय, असें तें एक गांवच आहे. तेथें एका ट्रकच्या पायरीवर पगडी घातलेले एक वयस्क पंजाबी गृहस्थ चहा पीत बसलेले दिसले. अमेरिकेंत आतां पंजाबी ट्रकवाले पुष्कळ आहेत, आणि कांहीं हमरस्त्यांवर पंजाबी ढाबेहि निघाले आहेत. आम्हांस पहातांच त्यांनीं “आइये, भाईसाहब” म्हणून जागा करून दिली. बोलणें सी. बी. वर आलें.

“ऐकतों सगळें, बोलतों क्वचित्,” ते हिंदींतून म्हणाले. “मीं तोंड उघडलें कीं उच्चारावरून मी कोठला तें कळतें. मग ‘परत जा’ पासून सुरुवात होते आणि पुढचें तर आपल्यासारख्यांपुढें सांगण्यासारखें नसतें.”

“मग यंत्र बंद कां ठेवीत नाहीं?” मीं विचारलें.

“बंद ठेवून कसें चालेल? रस्ता पुढें मोकळा आहे कीं नाहीं, हें तेंच सांगतें. मी उलट उत्तर देत नाहीं. दिलें कीं त्यांना खेळ मिळतो. गप्प राहिलें कीं दहा मिनिटांत थकतात.”

जुने जाणते ट्रकवालेहि नवख्यांना हाच उपदेश करितात. शिवी देणाराला प्रेक्षक हवा असतो. तो न मिळाल्यास त्याचा आवेश ओसरतो. कायद्याचा आधार मात्र येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. रेडिओवरून अश्लील वा अभद्र भाषा वापरणाऱ्यास दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, असा अमेरिकेचा कायदा आहे. परंतु ज्याला नांव नाहीं, जो ताशीं पासष्ट मैलांनीं धांवतो आहे व ज्याचा आवाज थोड्या मैलांत विरतो, त्याला धरावयाचें कोणी आणि कसें? परवाना गेला म्हणून भाषा बिघडली, असें कांहीं वृद्ध सांगतात. परवाने होते तेव्हांहि टोपणनांवें होतींच आणि अपशब्दहि होते. माझ्या मतें कारण याहून साधें आहे. दिवसाचे दहा-अकरा तास एकट्यानें बंद पेटींत बसणें, डोळ्यांपुढें तोच रस्ता, आणि बोलतांना समोर कोणाचाहि चेहरा नाहीं. चेहरा दिसला तर जी जीभ आपोआप आवरली जाते ती येथें मोकाट सुटते.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं डे मॉईनहून निघून आम्ही नेब्रास्कांत शिरलों. लिंकन शहर मागें पडतां पडतां अंधार झाला आणि बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. रस्ता ओला दिसत होता, परंतु तो ओला नसून कांचेसारखा गोठलेला होता. मुलाला झोंप लागली होती, म्हणून सूनबाईंनीं यंत्र हलक्या आवाजांत सुरू ठेवण्यास संमति दिली होती. यॉर्क गांव ओलांडल्यावर समोरून, म्हणजे पूर्वेकडे येणाऱ्या एका ट्रकवाल्याचा आवाज आला. त्याचा पहिलाच शब्द असा होता कीं सूनबाईंचा हात तात्काळ कळीकडे गेला. पुतण्या म्हणाला, “थांब.”

त्या माणसाचा प्रत्येक तिसरा शब्द अभद्र होता. तो गाळून उरणारा मजकूर असा: पश्चिमेकडे जाणारांनो, तीनशें अडतिसाव्या मैलाजवळ एक ट्रक आडवा झाला आहे, दोन्ही मार्ग बंद आहेत, पोलीस अजून आलेले नाहींत, आतांपासून हळू व्हा. आम्ही तेव्हां तीनशें एक्केचाळिसाव्या मैलाच्या खुणेजवळ होतों. पुतण्यानें ब्रेक न दाबतां पायाचा दाब कमी करीत वेग उतरविला. मागच्या ट्रकांनींहि तोच वेग धरल्याचें आरशांत दिसलें. म्हणजे सर्वांनीं तें ऐकलें होतें. कांहीं मिनिटांनीं अंधारांत लाल दिवे लुकलुकतांना दिसले आणि आम्ही सावकाश जाऊन रांगेच्या शेवटीं उभे राहिलों. आडवा ट्रक शंभरएक कदमांवर होता. त्याचा चालक रस्त्याच्या कडेला घोंगडें पांघरून उभा होता. त्यास इजा झालेली नव्हती.

आम्ही दोन तास तेथें होतों. तेवढ्या वेळांत एकोणिसाव्या चॅनेलवर एकहि भांडण ऐकूं आलें नाहीं. कोणाजवळ गरम कॉफी आहे, कोणाच्या मोटारींत लहान मुलें आहेत, कोणास औषध हवें आहे, याची विचारपूस चालली होती. आणि मागून येणारांस इशारा देण्याचें काम शेवटचा ट्रक पाळीपाळीनें दुसऱ्याकडे सोंपवीत होता. भाषा मात्र तशीच रांगडी होती.

सूनबाईंनीं आपलें मत बदललें नाहीं. त्या म्हणाल्या, “त्या भल्या माणसानें आपणां सर्वांस वांचविलें, हें खरें. पण हाच निरोप त्याला चांगल्या शब्दांत देतां आला असता. मींही कळ फिरविली असती, आणि माझ्यासारख्या किती जणींनीं खरोखरच फिरविली असेल!” या बोलण्यांतलें तथ्य मला नाकारतां आलें नाहीं. शिवीनें बोलणाराची अब्रू जाते, हें आपण मुलांना शिकवितोंच; पण कामाचा निरोप शिवींत गुंडाळला म्हणजे ज्याच्यासाठीं तो आहे त्याच्यापर्यंत पोंचेलच याचा भरंवसा रहात नाहीं, ही गोष्ट मला त्या रस्त्यावर प्रथमच स्पष्ट झाली. यंत्रावर ‘स्क्वेल्च’ नांवाची एक कळ असते. ती फिरविली कीं नुसती खरखर बंद होते. अपशब्द गाळून निरोप तेवढा ऐकविणारी कळ कोणीं बसविलेली नाहीं. तें काम बोलणाराच्या जिभेनेंच करावयाचें असतें.

कर्नीस पोंचल्यावर त्या कुटुंबानें आपल्यापुरता तोडगा काढला. मूल जागें असतां आवाज हलका ठेवावा, कळ सूनबाईंच्या हाताशीं असावी, आणि वादळी हवेंत ती कोणींहि फिरवूं नये. मुलानें शब्दांचा अर्थ विचारल्यास लपवूं नये. तो शब्द वाईट कां, तें सांगावें.

मोबाईल फोन आल्यापासून या यंत्राचें महत्त्व अमेरिकेंतहि पुष्कळ कमी झालें आहे. तरी ट्रकवाल्यांनीं तें अगदींच सोडलेलें नाहीं. आपल्या देशांतहि २००५ सालीं या पट्ट्यांतील पांच वॉटपर्यंतच्या यंत्रांस परवान्याची अट काढून टाकण्यांत आली. परंतु आपल्या ट्रकवाल्यांत त्याचा प्रघात पडला नाहीं. आपल्या घाटांत पावसाळ्यांत जें धुकें दाटतें तें पाहतां, वळणापलीकडचा मनुष्य अलीकडच्यास सावध करूं शकला तर बरेंच होईल. तसा दिवस आलाच तर यंत्राबरोबर त्याची जुनी रीतहि आणावी: आधीं ऐकावें, जागा मागावी, थोडक्यांत सांगावें, आणि ऐकणारांत एखाद्या घरचें लहान मूल आहे असें समजून बोलावें.