गेममधल्या शेतीत घट नसते

मका सोंगून झाला, उन्हाळ कांद्याची रोपं नुकती वर आलीत आणि लाल कांद्याला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. थोडी उसंत आहे, म्हणून आज जरा वेगळी नोंद. शेतीचीच, पण कम्प्युटरवरच्या.

आपल्याकडं गेमबद्दल दोनच मतं ऐकायला मिळतात. पारावरचे म्हणतात, पोरं मोबाईलपायी वाया गेली. पोरं म्हणतात, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. मला दोन्ही पटत नाही. पत्ते कुटण्यात गेलेल्या दुपारी आपण कधी मोजल्यात का? मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. जगभरात लोक पदरचे पैसे घालून खोटी शेती करतात, आणि इथं खरी शेती करणाऱ्या पोराला कुणी पोरगी देत नाही. असं का?

शेतीच्या गेमची एक मोठी लाट फार्मव्हिलची. झिंगा कंपनीनं २००९ च्या जूनमध्ये तो फेसबुकवर आणला. त्यातली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत तोडली नाही तर वाळून जायची. म्हणून शहरातली भली भली माणसं अलार्म लावून उठायची. आपण रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला उठतो, ते स्ट्रॉबेरी तोडायला उठायचे. ३१ डिसेंबर २०२० ला तो गेम बंद झाला. सगळ्यांची वावरं एका दिवसात गेली, पण सातबाऱ्यावर बोजा कुणाच्याच राहिला नाही.

दुसरा स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं तो बनवला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच, चार वर्षांहून जास्त काळ खपला. एक माणूस ऑफिसातल्या नोकरीला कंटाळून आजोबांच्या पडीक वावरात येतो, अशी त्याची गोष्ट. त्यात मला सगळ्यात आवडली ती दारातली लाकडी पेटी. दिवसभरात निघालेला माल पेटीत टाकायचा आणि झोपायचं. सकाळी पैसे जमा. हमाली नाही, तोलाई नाही, लिलावात गाडी उभी करून भाव पुकारायची वाट बघणं नाही. आपल्या एखाद्या कांदेवाल्याला ती पेटी दाखवली तर तो म्हणेल, बाकीचा गेम तुम्हालाच ठेवा, मला एवढी पेटी द्या.

तिसरा फार्मिंग सिम्युलेटर. तो मात्र मी शेजारी बसून नीट बघितला, कारण पुतण्या खेळतो. तो पुण्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, दिवाळीला लॅपटॉप घेऊन आला होता. जायंट्स सॉफ्टवेअर या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा हा गेम, पहिला २००८ ला आला. जॉन डिअर, न्यू हॉलंड, फेंट, सगळी खऱ्या कंपन्यांची खरी यंत्रं. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या गेममध्ये तर भाताची खाचरं आणि म्हशीही आहेत. नांगरणी, पेरणी, खत, फवारणी, काढणी असा क्रम बरोबर आहे. बनवणाऱ्यांनी बांधावर उभं राहून बघितलेलं दिसतं. उगीच नाव ठेवणार नाही.

मग पुतण्यानं सेटिंग उघडली. तण : चालू की बंद. पिकावरून ट्रॅक्टर गेला तर नुकसान : चालू की बंद. गारा आणि वादळाचं नुकसान : तेही बंद करता येतं. माणूस हवा असेल तर एक बटण दाबा, गडी येऊन ट्रॅक्टरवर बसतो. इथं कांदे लागवडीची टोळी मिळावी म्हणून महिनाभर आधी उचल द्यावी लागते, तरी ऐनवेळी ती दुसऱ्याच्या शेतात दिसते. कर्जही बटणावर. घ्या, द्या, हप्त्याची तारीख नाही, अन् सोसायटीच्या सचिवाचा फोन नाही.

एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. पण पुढं त्यानं भावाचा आलेख दाखवला आणि मी सरसावून बसलो. कोणत्या मालाला कोणत्या महिन्यात चढा भाव असतो, हे गेम आधीच रेघ काढून दाखवतो. तोवर धान्य सायलोत ठेवायचं. सायलोत ते सडत नाही, त्याला कीड लागत नाही, त्याचं वजन कमी होत नाही. भाव चढला की काढायचं. पुतण्या म्हणाला, "काका, आपण पण असंच करायला पाहिजे ना? मे मध्ये कशाला विकायचा कांदा? सप्टेंबरला विकू."

गावाबाहेर बसून शेतकऱ्याला सल्ला देणारे सगळे हेच सांगतात. थांबा, साठवा, भाव आल्यावर विका. गेममध्ये ते खरं आहे. चाळीत ते अर्धंच खरं आहे, कारण चाळीत घट असते. कांदा रोज थोडं पाणी सोडतो. जूनची दमट हवा लागली की काजळी धरते, खालच्या थराला सड लागते, ऑगस्टनंतर कोंब फुटतात. ज्यानं चाळ फोडताना तो वास घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.

त्याला मी उत्तर दिलं नाही. कपाटातल्या चाळीच्या वह्या काढून दिल्या. चाळ कधी भरली, कधी फोडली, किती क्विंटल घातला, किती निघाला, काय भाव मिळाला, एवढंच त्यात असतं. त्यानं दोन दिवस बसून सगळं एक्सेलमध्ये भरलं. त्यातला एका वर्षाचा हिशोब इथं देतो. मे मध्ये १०० क्विंटल होता, भाव १,२०० रुपये क्विंटल. तेव्हाच विकला असता तर १ लाख २० हजार. सप्टेंबरला भाव १,७०० झाला, पण चाळीतून विकण्याजोगा निघाला ७२ क्विंटल. म्हणजे १ लाख २२ हजार ४००. भाव क्विंटलला पाचशे रुपयांनी वाढला आणि चार महिने थांबून हातात जास्तीचे आले २,४००. त्यातूनच निवडणीची मजुरी गेली. सोसायटीचं व्याज धरलं तर उलटं घरातूनच गेले.

त्यानं ते तीनदा तपासलं. मग म्हणाला, "गेममध्ये हा रकानाच नाही."

घट तरी निसर्गाची आहे. चाळीला खालून हवा ठेवली, पात नीट सुकवून माल भरला, तर ती कमी करता येते. पण गेममध्ये आणखी एक गोष्ट नसते. पेरल्यावर नियम बदलत नाहीत. २०२३ आठवा. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. तरी लोकांनी लाल कांदा लावला, कारण रोपं तयार होती. माल काढायला आला आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला. तोवर लाल संपला होता आणि उन्हाळचीही काढणी उरकली होती. आता कल्पना करा, गेम बनवणाऱ्यानं असं केलं. खेळणाऱ्यानं शंभर तास घालून पीक आणलं आणि काढणीच्या दिवशी पडद्यावर सूचना आली की विक्रीचं ठिकाण आजपासून बंद. दुसऱ्या दिवशी पोरं इंटरनेटवर शिव्यांचा पाऊस पाडतील, पैसे परत मागतील, आणि कंपनी आठवडाभरात नियम मागं घेईल.

माझं मत एवढंच आहे. गेम बनवणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते. खेळणाऱ्यानं कष्ट केले तर त्याला थोडं तरी फळ दिसलं पाहिजे, नाहीतर तो गेम बंद करून दुसरा लावतो. ही भीती त्याला असते म्हणून तो नियम सरळ ठेवतो. शेतकऱ्याबद्दल ही भीती कुणाला नाही. सगळे धरून चालतात की हा कुठं जातोय, पाऊस पडला की पेरणारच. पण आपली पोरं गेम बंद करूनच तर चाकण-रांजणगावला चाललीत ना? बारा तासांची ड्यूटी, खोलीत सहाजण, तरी जातात. कारण तिथं महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरला आकडा येतो. पोरं आळशी झालीत म्हणून जात नाहीत. त्यांना नियम कळलेत म्हणून जातात.

पुतण्यानं जाण्याआधी विचारलं, शिक्षण झाल्यावर इथं आलो तर चालेल का. घरात पाच एकर आहे, भावाचं आणि माझं मिळून. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. म्हटलं, यंदाची चाळ तुझ्या हिशोबानं चालवू. निम्मा माल काढणीलाच विकू, निम्मा चाळीत. दर पंधरा दिवसांनी दहा गोण्यांचं वजन करून मी आकडा कळवीन, तू भर. वर्षभराचा ताळा समोर आला की मग बोलू. त्याच्या बापाला हे पटलेलं नाही. त्याला पोरगा कंपनीत हवाय, आणि त्याचंही चूक म्हणता येत नाही.

तुमच्या घरात असा गेम खेळणारं पोरगं असेल तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला भावाचा आलेख वाचता येतो, तोट्याचा आकडा बघून ते घाबरत नाही, एक पीक फसलं तर दुसरं काय घ्यावं याचा विचार त्याला सवयीचा झालाय. फक्त त्याच्या हातात आपली वही द्या. आणि ज्यांच्याकडं वहीच नाही, त्यांनी यंदा चाळ भरताना चार आकडे तरी लिहून ठेवा : भरल्याची तारीख, घातलेलं वजन, फोडल्याची तारीख, निघालेलं वजन. साध्या वहीत लिहिलं तरी चालतंय.