मागची बाजू

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडातल्या किती घरांच्या ट्रंका आणि वह्या गेल्या, त्याला गणती नाही. लोकांनी माझ्याकडे ठेवायला दिलेल्या कात्रणांचाही बहुतेक लगदा झाला. एका वहीतली खळ मात्र नुसतीच सुटली आणि इतकी वर्षं पानाला चिकटून बसलेली कात्रणांची मागची बाजू मोकळी झाली. तेव्हापासून मी कात्रण आधी उलटं करतो, बातमी मागाहून वाचतो.

घोडं अडतं ते तारखेपाशी. ‘आजोबा चवदार तळ्यावर होते’ म्हणत येणाऱ्याचं त्यातल्या त्यात सोपं. सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिलचा, आणि त्याचं पुनर्मुद्रणही झालेलं आहे. (छापात नाव नाही म्हणून आजोबा तिथं नव्हते, असं मी कुणाला म्हणू देत नाही. बातमीत नावं येतात पुढाऱ्यांची, ओंजळीनं पाणी प्यालेल्या प्रत्येकाचं नाही.) पण पोलादपूरकडच्या वाडीतून येतं ते मुंबईच्या गिरणीत अपघातात गेलेल्या माणसाचं तीन बोटं रुंद कात्रण. चारी बाजूंनी नीट कापलेलं, त्यामुळे पेपरचं नाव नाही, तारीख नाही. घरचे एवढंच सांगतात, ‘गणपतीच्या आधी गेले.’ साल कुठलं?

मागे ‘जि. कुलाबा’ हे आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. त्या वहीतल्या अशाच एका कात्रणामागे अर्धी तुटलेली ओळ निघाली, पानशेतच्या पूरग्रस्तांसाठी मदतीची. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे गणपतीपर्यंतचे जेमतेम दोन महिने चाळायचे. मग ‘नवशक्ती’, ‘मराठा’, की ‘लोकसत्ता’? ते खिळ्यांच्या वळणावरून आणि कॉलमच्या रुंदीवरून, दादरच्या ग्रंथसंग्रहालयात जुन्या फायली शेजारी ठेवून ताडायचं. असं साल पकडलं की मला फार गर्व होतो, आणि तो मी लपवत नाही.

हल्ली पैसे घेऊन वंशावळी छापून देणारे झालेत. त्यांच्या पुस्तकांत सरदार भेटतात, गिरणीतला बदली कामगार भेटत नाही. ते काम मला मान्य नाही.

तुमच्या घरात कात्रण असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि आजचा पेपर कापणार असाल, तर कात्री लावण्याआधी कडेला पेन्सिलीनं पेपरचं नाव आणि तारीख लिहा.