आवडीनं काय ऐकतोस?

रुक्मिणीनं कृष्णाला पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. भागवत सांगतं, वाड्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून त्याच्या गोष्टी तिच्या कानी पडत गेल्या, आणि मग कौंडण्यपुराहून सात श्लोकांचं पत्र द्वारकेला निघालं. तिचं हे माहेर वर्धा नदीच्या काठावर. ओढ कानातून लागते, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच जर्मन शिकणाऱ्यांच्या पहिल्या धड्यांतला एक प्रश्न मला फार जवळचा वाटतो. 'वास ह्योर्स्ट डू गेर्न?' आवडीनं काय ऐकतोस? वडीलधाऱ्याला, परक्याला विचारायचं तर 'वास ह्योरेन झी गेर्न?' अरेतुरे आणि अहोजाहो तिकडेही आहे. वऱ्हाडी पोरांना ते शिकायला वेळ लागू नये. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि ही भाषा पुण्यामुंबईपलीकडच्या मुलांच्याही पोटापाण्याची झाली. ए१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेत विषयाची चिठ्ठी उचलून शेजाऱ्याला प्रश्न विचारावा लागतो. चिठ्ठीवर 'फ्रायझाइट' आलं, म्हणजे फावला वेळ, की हाच प्रश्न हमखास कामी येतो.

फावल्या वेळाबद्दलची उत्तरं मात्र सगळ्यांची एकसारखी: गाणी ऐकतो, सिनेमा बघतो, क्रिकेट खेळतो. परीक्षेला तेवढं पुरतं. माणूस जोडायला पुरत नाही.

कौंडण्यपूरचं पोरगं खरं काय आवडीनं ऐकतं? खंजिरीवरचं भजन. तुकडोजी महाराजांचं मोझरीचं गुरुकुंज कौंडण्यपूरच्याच तिवसा तालुक्यात, आणि महाराज १९५५ साली जपानला गेले तेव्हा खंजिरी त्यांच्यासोबत गेली होती. आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूरहून पंढरपूरला निघते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. त्या वाटेवरचे टाळ, मृदंग आणि रात्री उशिरापर्यंत चाललेलं कीर्तन ऐकून ज्याचे कान घडले, त्यानं नुसतं 'मुझीक' म्हणून का थांबावं? मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, खंजिरी कशी वाजते ते सांगावं, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवावं.

आणि मग लगेच विचारावं, 'उंट डू?' आणि तू? समोरचा जर्मन कदाचित ऐकण्यावरून बघण्यावर येईल आणि 'टाटओर्ट'चं नाव घेईल. गुन्ह्याचा छडा लावणारी ही टीव्ही मालिका १९७० पासून चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला तिकडे घराघरांत ती लागते, काही ठिकाणी लोक पबमध्ये जमून एकत्र बघतात, आणि तिचे काही भाग बाडेन-वुर्टेमबर्गच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्येच घडतात. आपलं शहर पडद्यावर दिसल्याचा आनंद त्याच्या बोलण्यात असेल. तो पुरता ऐकून घ्यावा, मध्येच आपलं घोडं दामटू नये.

तिवसा, चांदूर, आर्वीच्या पोरापोरींनो, उद्या जर्मनच्या वर्गात हा प्रश्न आला तर पुस्तकातलं उत्तर बाजूला ठेवा. खंजिरीला जर्मन शब्द मिळाला नाही तर खंजिरीच म्हणा.