आधी काय घडलं, मग कोणी केलं

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत आलं की मुलंमुली भेटायला येतात आणि विचारतात, ‘मॅडम, फॉरेन्सिकला जायचंय. कुठला कोर्स करू?’ राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, विषशास्त्र विभागात माझी सगळी नोकरी झाली. आता सोलापुरात परतल्यावर हा प्रश्न माझ्याकडे येणारच. मी त्यांना उलट विचारते, ‘तुला कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आवडेल?’

गुन्हा घडतो तेव्हा एकामागून एक चार प्रश्न उभे राहतात. काय घडलं? याचं उत्तर प्रयोगशाळेनं द्यायचं. कोणी केलं? ते पोलिसांनी शोधायचं. सिद्ध होतं का? ते सरकारी वकील आणि बचावाचे वकील मांडतात, न्यायाधीश ठरवतात. आणि त्या माणसाचं पुढे काय? हा चौथा प्रश्न तुरुंगाधिकारी, परिविक्षा अधिकारी आणि समाजकार्य शिकलेली माणसं हाताळतात. यातला आपला प्रश्न कोणता, हे कळल्यावर कोर्स शोधायला वेळ लागत नाही.

या प्रश्नांचा क्रम मोडला तर काय होतं, हे सोलापूरच्या मुलांनी पुस्तकाआधी आपल्या गावात पाहावं. आपण ज्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतो, तो इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यातून उभा राहिला. १८७१चा हा कायदा १९११च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. बाहेर जायचं तर परवानगी, परत आलं की हजेरी. यातल्या अनेकांनी सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळला. गुन्हा कोणता, तो घडला का, कोणी केला, यातलं काहीही न विचारता जन्मावरूनच निकाल दिलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसं विमुक्त झाली.

त्या कायद्याखाली नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला होता. ठशांचं शास्त्र तेव्हा नवं होतं. १८९७मध्ये कलकत्त्याला ठसे विभाग सुरू झाला. त्याच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रींच्या नावानं जगभर गेली, पण तिच्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय फौजदारांनी बसवलेलं होतं. घटनास्थळी मिळालेला ठसा एका माणसाशी जुळवून पाहणं हे विज्ञान. गुन्हा घडण्याआधीच एका जमातीचे ठसे गोळा करून ठेवणं हा संशय. साधन तेच, शाई तीच. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं हा फरक पक्का समजून घ्यावा, कारण डीएनए, मोबाइलचं लोकेशन, चेहरा ओळखणारे कॅमेरे या सगळ्यांबाबत तोच प्रश्न उद्या त्याच्यासमोर येणार आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा १८७०मध्ये सुरू झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक आय. बी. लायन हे तिथले सुरुवातीचे विश्लेषक. भारतातल्या न्यायवैद्यकावरचं त्यांचं पुस्तक पुढे वैद्यकाचे विद्यार्थी कित्येक पिढ्या वाचत राहिले. त्या काळाची खूण आजही टिकून आहे. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आमच्या अहवालाला सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’च, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्टच म्हणतात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, आणि सोलापूरसारख्या काही ठिकाणी लघु प्रयोगशाळा. विष, रक्त, डीएनए, दारूचे नमुने, बंदुका-काडतुसं, आवाज, सायबर, मानसशास्त्र असे त्यांचे विभाग आहेत.

वर्तमानपत्रात ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ असं आपण वाचतो. म्हणजे शवविच्छेदनात डॉक्टरांना मृत्यूचं कारण नक्की सांगता आलेलं नसतं. मग जठर आणि त्यातलं अन्न, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं बरण्यांत भरून मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त वेगळं. ज्या द्रावणात अवयव ठेवले त्याचा नमुनाही वेगळा पाठवतात, म्हणजे विष द्रावणातून आलं असा संशय उरू नये. आमच्या जिल्ह्यात पंढरपूरकडे द्राक्षं, सांगोल्याकडे डाळिंबं. फवारणीची औषधं घराघरांत हाताशी असतात. त्यामुळे बरण्यांत बहुधा ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं निघतात. अवयवातून अर्क काढायचा, थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर तो कुठे सरकतो ते पाहायचं, मग यंत्रावर खात्री करायची. काम संथ आहे. एकाही कृतीत घाईला जागा नाही.

या कामातला सगळ्यात अवघड शब्द ‘आढळले नाही’ हा. नवख्या विश्लेषकाला वाटतं, विष आढळलं नाही म्हणजे विष नव्हतं. पण रुग्णाला उलट्या झाल्या असतील, दवाखान्यात पोट धुतलं असेल, तो काही दिवस जगला असेल तर शरीरानं विषाचं विघटन केलं असेल. सोलापूरच्या मे महिन्यात मृतदेह उशिरा सापडला असेल, किंवा ते विष आपल्या चाचणीच्या मर्यादेखाली राहिलं असेल. तरीही अहवालात जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं. उजनीच्या पाण्यात किंवा कालव्यात मिळालेल्या मृतदेहाबाबतही असंच आहे. अस्थिमज्जेत डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सापडलं आणि ते त्याच पाण्यातल्या नमुन्याशी जुळलं, तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता, याला बळ मिळतं. बळ मिळतं, एवढंच. त्याला कोणी ढकललं का, हे शेवाळ सांगू शकत नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर कुठे संपतं, हे समजण्यासाठी मी विद्यार्थ्यांना पुण्याचे दोन खटले वाचायला सांगते. पहिला, अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. नोव्हेंबर १९५६मध्ये एका डॉक्टरनं पुण्याच्या एका विधवा रुग्ण महिलेला रात्रीच्या गाडीनं मुंबईला नेलं. ती दुसऱ्या दिवशी जी. टी. रुग्णालयात वारली. रासायनिक विश्लेषकाला कोणतंही विष सापडलं नाही. तरीही डॉक्टरनं रुग्णालयात दिलेली दिशाभूल करणारी माहिती, मृत्यूनंतर ती जिवंत असल्याचा केलेला देखावा आणि बळकावलेली मालमत्ता हे सगळं जुळवून न्यायालयांनी त्याला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तोच निर्णय कायम केला. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, तेही वाचण्यासारखं आहे.

दुसरा, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून १९८२मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. इथे विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयानं पतीला दोषी धरलं. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्यानं पुसली गेली नव्हती. परिस्थितिजन्य पुरावा केव्हा पुरेसा मानायचा याच्या पाच कसोट्या याच निकालात आहेत. त्यांना ‘पंचशील’ म्हणतात आणि देशभरची न्यायालयं त्या आजही लावतात.

एका खटल्यात विष नाही आणि शिक्षा आहे. दुसऱ्यात विष आहे आणि शिक्षा नाही. दोन्ही वेळा विश्लेषकाचं काम एकच होतं, जे दिसलं ते लिहिणं. जिला आरोपीला फासावर पोहोचवायची ओढ आहे तिनं प्रयोगशाळेत येऊ नये. जिला ‘मला एवढंच माहीत आहे’ असं ठामपणे सांगता येतं, तिची तिथे गरज आहे. डीएनए चाचणीचा गुन्हे तपासातला पहिला मोठा उपयोग कशासाठी झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली एका १७ वर्षांच्या मुलानं दिली होती. प्रा. ॲलेक जेफ्रीज यांच्या चाचणीनं तो निरपराध असल्याचं आधी सिद्ध केलं, आणि खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला.

दुसरा प्रश्न ज्यांना खुणावतो, त्यांनी पोलिसांत जावं. पीएसआयची परीक्षा एमपीएससी घेते. आता तपासात विज्ञान जाणणाऱ्या अधिकाऱ्याचं मोल वाढलं आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचं चित्रीकरणही करायचं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे घटनास्थळावर काम करू शकणारी माणसं मोठ्या संख्येनं लागणार. या कामाची किंमत मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिली आहे. एकदा रक्तानं भिजलेले कपडे ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आमच्याकडे आले. पिशवी उघडली तर बुरशीनं सगळं खाल्लेलं. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातले असते तर ते कपडे बोलले असते. पंचनामा, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, सीलचा नमुना, मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद, यातला एक दुवा तुटला की महागडं यंत्रही निरुपयोगी ठरतं.

संगणकाच्या मुलांसाठी दार वेगळं आहे. मोबाइल किंवा हार्डडिस्क जप्त केली की तिची हुबेहूब प्रत काढतात आणि तिची हॅश व्हॅल्यू नोंदवतात. एक अक्षर बदललं तरी ती बदलते, म्हणून पुराव्यात फेरफार झाला का हे कळतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते.

तिसऱ्या प्रश्नासाठी कायद्याची पदवी हवी. सहायक सरकारी अभियोक्त्याची भरतीही एमपीएससीमार्फत होते. दिवाणी न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार आधी तीन वर्षांची वकिली लागते. विज्ञानाची पदवी घेऊन मग कायदा शिकलेला वकील, तो सरकारी बाजूचा असो वा बचावाचा, आमच्या अहवालाला खरा वाचक मिळवून देतो. तज्ज्ञाची नीट उलटतपासणी होते तिथे विज्ञानही सुधारतं.

चौथ्या प्रश्नाकडे मुलं सहसा बघत नाहीत, आणि मला त्याचीच सर्वांत काळजी वाटते. १९५८च्या परिविक्षा कायद्यानुसार पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरी ठेवता येतं. त्याच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांशी बोलून न्यायालयाला अहवाल देणारा अधिकारी लागतो. बालन्याय मंडळं, निरीक्षणगृहं, कारागृहं यांना समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली माणसं हवी आहेत. २०२१मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन परिवर्तन’ केलं. हातभट्टीवर जगणाऱ्या वस्त्या अधिकाऱ्यांनी दत्तक घेतल्या आणि तिथल्या कुटुंबांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळवायला सुरुवात केली. हातभट्टीच्या दारूचे नमुने आमच्याकडे तपासायला येतात, आम्ही अल्कोहोलचं प्रमाण लिहितो. ती भट्टी पुन्हा का पेटते, याचं उत्तर आमच्या यंत्रात नाही. सेटलमेंट पाहिलेल्या या गावातल्या मुलांनी तरी हा प्रश्न दुय्यम मानू नये.

आता व्यवहाराचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२०च्या कायद्यानं राष्ट्रीय झालं, त्याचा परिसर गोव्यातही आहे. पण नावात ‘फॉरेन्सिक’ असलेला कोणताही महागडा खासगी कोर्स घेण्याआधी प्रयोगशाळेच्या भरतीच्या जुन्या जाहिराती काढून वाचा. प्रत्येक विभागाची पात्रता वेगळी असते, आणि रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्राची पक्की पदवी आजही भक्कम पाया आहे. सोलापूरच्या कॉलेजांत ती मिळते. राज्याच्या प्रयोगशाळांच्या पहिल्या महिला संचालक डॉ. रुक्मणी कृष्णमूर्ती रसायनशास्त्र शिकूनच या सेवेत आल्या. १९९३च्या बॉम्बस्फोटांपासून तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यापर्यंतचे पुरावे त्यांच्या हाताखालून गेले.

मुलींच्या आईवडिलांना एक सांगते. ही नोकरी सुरक्षित आहे, पण हलकी नाही. व्हिसेराचा वास कपड्यांना लागतो. साक्षीला दूरच्या कोर्टात जावं लागतं, दिवसभर बसून तारीख पडते. लहान मुलांच्या प्रकरणांचे कागद रात्री आठवतात. हे सगळं आधी माहीत असलेली मुलगीच टिकते, आणि टिकलेली मुलगी कोणाच्याही दबावाखाली अहवालातला शब्द बदलत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक काम करा. सत्र न्यायालयाचं कामकाज सहसा खुलं असतं. आपल्या जिल्हा न्यायालयात काही दिवस मागच्या बाकावर बसा. डॉक्टर, तपास अधिकारी, पंच, विश्लेषक यांच्या साक्षी ऐका, आरोपीच्या आणि फिर्यादीच्या घरच्यांकडे बघा. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या तज्ज्ञाला वकील विचारेल, ‘म्हणजे तुम्हाला हे खात्रीनं सांगता येत नाही?’ आणि तो शांतपणे म्हणेल, ‘नाही, सांगता येत नाही.’ ते उत्तर ऐकून तुम्हाला त्याच्याबद्दल आदर वाटला, तर प्रयोगशाळेकडे या. तुम्हाला त्या वकिलाच्या जागी उभं राहावंसं वाटलं, तर कायद्याकडे जा. पंचनाम्यात काय राहून गेलं हे तुम्हाला खटकत राहिलं, तर पोलिसांकडे. आणि निकालानंतर त्या घराचं काय होईल हा विचार सुटत नसेल, तर तुमची वाट चौथी आहे, आणि तिथे माणसं सर्वांत कमी आहेत.